नऊ नंबरचं ‘नाही’

आर्लिस हागेडॉर्नने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी आवाजातला बसचा सूर काही गेला नाही: पहिला शब्द दणक्यात, उरलेलं वाक्य लोण्यासारखं. "बसा! निघायचंय आता, सोन्यांनो." ज्यूरीच्या खोलीत ती नुसतं "बसा!" म्हणाली, तर अकरा मोठी माणसं खुर्च्यांवर धपाधप टेकली. त्यातली चार तिच्याच बसमधून शाळेत गेलेली.

खटला होता लायल बोर्चर्सवर. वय एकसष्ट. शेजारी व्हर्नन पॉस्पिशिल याचा वळू तिसऱ्यांदा कुंपण तोडून आला, म्हणून लायल कुंपण ठीक करत होता. व्हर्नन आला, हसला, लायलच्या मेलेल्या भावाबद्दल म्हणाला, "त्याला तर ट्रॅक्टरसुद्धा धड चालवता येत नव्हता." भाऊ ट्रॅक्टरखालीच गेला होता. मग व्हर्ननने लायलच्या छातीवर हात ठेवून त्याला ढकललं. लायलच्या हातात लाकडी खांब होता. एकच फटका.

पहिल्या दर्जाचा खून, म्हणजे आधीपासून ठरवून केलेला, असं सरकारी वकीलसुद्धा म्हणत नव्हता. प्रश्न एवढाच होता: दुसऱ्या दर्जाचा खून, म्हणजे बेत नसला तरी मारायचंच म्हणून मारलं, की सदोष मनुष्यवध, म्हणजे अचानक पेटलेल्या भांडणात भान सुटलं? शिक्षा किती, हे ज्यूरीला सांगत नाहीत. तो जजचा प्रांत. पण नेब्रास्कातल्या खेड्यात न सांगितलेलंच आधी कळतं. दुसरा दर्जा म्हणजे निदान वीस वर्षं, जास्तीत जास्त जन्मभर. मनुष्यवध म्हणजे फार तर वीस. एकसष्टाव्या वर्षी या दोन आकड्यांत घरी परतायचं दार असतं किंवा नसतं.

बियाणं विकणारा वेंडेल क्रुट्झ ज्यूरीचा प्रमुख. बाहेर सोयाबीन कापणीला आलेलं. तो घसा खाकरून म्हणाला, "दुसरा दर्जा असं दिसतंय, नाही का? म्हणजे, तुमची हरकत नसेल तर."

या मुलखात हरकत घेणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातला शेवटचा तुकडा उचलणं.

"नाही नाही, तुम्ही म्हणाल तसं," पहिला म्हणाला.

"माझं काय, सगळ्यांचं जे असेल ते," दुसरी म्हणाली.

"हं. बरोबरच असेल," तिसरा म्हणाला. हा माणूस बोलताना ओठ हलवत नाही, वारा आत जाईल म्हणून.

फेरी आर्लिसपर्यंत आली. तिला काहीतरी खुपत होतं. पण सगळे कसे एकमताने बसलेले! "ठीकच आहे मग," ती म्हणाली. वेंडेलने कागदावर सही केली.

कोर्टात निकाल वाचला गेला. लायलने मान खाली घातली. त्याच्या वकिलाने उठून मागणी केली, प्रत्येक ज्युररला वेगळं विचारा. मग जजबाई एकेका नंबराला विचारू लागल्या, "हा तुमचा निकाल आहे?"

"हो." "हो, बाई." "हं."

आर्लिसचा नंबर नऊ. हो, हो ऐकता ऐकता तिला बसमध्ये दंगा करणाऱ्या मुलांच्या नावाने फाडायच्या चिठ्ठ्या आठवल्या. पांढरी, चुकून झालं तर. पिवळी, भांडणाच्या भरात. गुलाबी, मुद्दाम, गुलाबी म्हणजे बस बंद. मार्सी कोलारने एकदा डब्याने एका मुलाचं नाक फोडलं. सगळी बस ओरडली, "मुद्दाम केलं!" आर्लिसने मार्सीच्या नावाने गुलाबी फाडून दिली. तो मुलगा महिनाभर मार्सीच्या कानातलं ऐकायचं यंत्र ओढत होता, हे आर्लिसला वसंतात कळलं. तो हिवाळा मार्सी दोन मैल चालत गेली.

"नऊ नंबर, हा तुमचा निकाल आहे?"

"नाही," आर्लिस म्हणाली. दणक्यात. मग लोण्यासारखं, "माफ करा हं. त्रास देते सगळ्यांना."

निकालाला बाराही जणांचा ‘हो’ लागतो. जजबाईंनी सगळ्यांना परत खोलीत पाठवलं.

खुर्च्या पुन्हा सरकल्या. मग वेंडेल म्हणाला, "खरं सांगू? मला वाटलं, तुम्हाला सगळ्यांना दुसरा दर्जा हवाय."

"आणि मला वाटलं तुला हवाय!"

"मी तर तुझ्याकडे बघून हो म्हटलं!"

सात जणांचं असंच निघालं. पण ट्वायला नावाची परिचारिका हटेना. "माणूस मेलाय, आर्लिस. डोक्यात खांब घातला, पायावर नाही."

"हो," आर्लिस म्हणाली. "पण खांब त्याने उचलला कधी? भांडणाच्या आधी, कुंपणासाठी. आणि फटका किती वेळाने?"

"ढकलल्याबरोबर."

"श्वास तरी घेतला का मध्ये?"

ट्वायलाने साक्षीचे कागद पुन्हा मागवले. पुन्हा वाचले. दुसऱ्या दिवशी दुपारी ती म्हणाली, "मला आवडलेलं नाही. पण पटलंय." या खेपेला प्रत्येकाने आपापल्या तोंडाने सांगितलं. मनुष्यवध. जजबाईंनी पुन्हा एकेकाला विचारलं. नऊ नंबर "हो" म्हणाली, तेव्हा तिचा आवाज बसचा नव्हता.

बाहेर पायऱ्यांवर व्हर्ननची बायको डोरीन उभी होती.

"तुम्हीच ना नऊ नंबर?"

"हो."

"तुमच्या ‘नाही’ने माझा नवरा काही कमी मेला नाही."

"नाही," आर्लिस म्हणाली. "जरासुद्धा नाही."

डोरीन वळली.

तिची गाडी रस्त्यापलीकडे होती आणि धान्याचे ट्रक धडाधड जात होते. आर्लिस आपल्या गाडीत बसली, इंजिन सुरू केलं, गाडी रस्त्याच्या मधोमध आणून उभी केली, मुलं रस्ता ओलांडताना बसचे ठेवायची तसे चारही दिवे लुकलुकते ठेवले. मागचा ट्रक करकचून थांबला, भोंगा वाजला. आर्लिसने आरशात पाहिलंसुद्धा नाही. डोरीन रस्ता ओलांडून गाडीत बसली, दार लागलं, तेव्हा कुठे आर्लिसने ब्रेकवरचा पाय काढला.