पुनमचे औषध

धुळ्याच्या एका कापसाच्या जिनिंगच्या कचेरीत शालिग्राम उमेदवारीपासून हिशेब लिहीत आले. व्हाउचर नसेल तर चहासुद्धा खर्ची टाकायचा नाही, असा त्यांचा शिरस्ता. अशा माणसाने भर मांडवात एक आधार नसलेले वाक्य बोलून टाकले.

लग्न धुळ्यातच, साडूच्या घरचे होते. पंगतीत कोणीतरी विचारले, तुमची पुनम अजून शिकतेच का, आणि शिकते तरी काय? पुनम जळगावला प्रथिनांवर संशोधन करत होती. वडिलांना तिने पुष्कळदा समजावले होते. रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायू धरायच्या चार जागा असतात. एका जागी तो येऊन बसला की लांबच्या तिघींना त्याची खबर लागते आणि त्याही पुढचा प्राणवायू चटकन धरतात. मधे ना तार, ना निरोप्या. मग खबर पोचते कशी, ते ती शोधत होती. शालिग्रामांना हे ऐकताना पटायचे; पण समोर जिलेबी वाढली जात असताना ते सांगणार कसे? मुलीचे वय तिशीला आलेले, विचारणाऱ्याच्या ओठांवर हसू. ते म्हणाले, "रक्त वाढवायचं औषध शोधतेय. सापडल्यातच जमा आहे."

विचारणाऱ्याने ते लगेच शेजारच्याला सांगितले. शालिग्रामांना जेवण गोड लागले.

श्रावणात कानबाई देवीच्या उत्सवासाठी सारी भाऊबंदकी एरंडोलजवळच्या गावी जमली. रोटाच्या नैवेद्याचे गहू दळून आणलेले, अंगणात पुरण शिजत होते. शालिग्राम पुनमला घेऊन उंबऱ्यात आले, तोच चुलतभाऊ अभिमन हसत म्हणाला, "नाना, पहिली बाटली आमना घरले द्या, मंग गावले."

शालिग्राम हसले. पुनमला काही कळले नाही.

अभिमनची आई, भिकुबाई काकू, ओसरीवर खाटेवर बसल्या होत्या. शालिग्रामांची आई लवकर गेली, तेव्हा याच काकूंनी त्यांना आपल्या ताटात जेवू घातले होते. दरवर्षी चुलीपुढून न उठणारी ही बाई यंदा खाटेवरून हलत नव्हती. ओठ पांढरे, पाय सुजलेले, दोन शब्द बोलल्या की दम लागायचा. सून सारिकाने सांगितले, आषाढातच सरकारी दवाखान्यात दाखवले होते. रक्त फार कमी आहे, आजच भरती करा, असे डॉक्टर म्हणाले होते. आत्याबाई ऐकतच नाहीत.

काकूंनी पुनमचा हात हातात घेतला. "बेटा, तू येशी म्हनीसन मी थांबनू. घरनं औषध शे, मंग दुसरानं रक्त आंगमा कसाले लेवानं?"

पुनमने वडिलांकडे पाहिले. त्यांनी नजर खांबाकडे वळवली, आणि तिला सारे कळले. ती चिडली नाही. खाटेच्या पायथ्याशी बसून तिने सैल पडलेला दोर ओढला. काकूंच्या उशाजवळची सुतळी ताणली गेली, तशी काकूंनी मान वळवून पाहिले.

"आजी, मी एवढंच बघते," पुनम म्हणाली. "इथं ओढलं तर तिथं कसं कळतं. मधली एकेक सुतळी शेजारणीला जरा ढकलते, ती पुढच्या शेजारणीला. रक्तातल्या कणांत तसंच काही होतं का, ते. औषधाचं मात्र नानांना विचारा."

आता अंगणातल्या बायकाही ऐकू लागल्या होत्या. शालिग्रामांच्या मनात आले, अजून वेळ लागेल म्हणावे, सरकारी मंजुरी अडकली आहे म्हणावे. असे बोलणे त्यांना अवघड नव्हते. तेवढ्यात काकूंना ढास लागली. त्या छाती धरून वाकल्या, आणि पाठ चोळायला सारिका धावली.

"औषध नाही, काकू," ते म्हणाले. "कधीच नव्हतं. लग्नात लोकांपुढे मोठेपणा मारायला मी खोटं बोललो."

अभिमनचे तोंड उतरले. आईला दवाखान्यातून परत आणताना त्यानेही याच भरवशावर मान डोलावली होती. तो काही बोलला असता तर शालिग्रामांना बरे वाटले असते. बोलल्या त्या काकू, तेही हळू.

"तुले माहीत व्हतं, मी वाट देखी राहिनू?"

"नव्हतं." हे खरे होते. धुळ्याच्या पंगतीतले वाक्य कोणाकोणाच्या तोंडून इथवर आले आणि एका म्हातारीला दवाखान्याच्या दारातून परत फिरवून गेले, याचा त्यांना पत्ताही नव्हता. पण तसे म्हणताना तेही खोट्यासारखेच वाटले.

अभिमनने जळगावच्या सरकारी दवाखान्यात जायला गाडी सांगितली. कानबाई बसायच्या दिवशी घर सोडायचे, म्हणून काकूंनी देव्हाऱ्याकडे हात जोडले. शालिग्रामांनी आधाराला हात पुढे केला. काकूंनी तो झिडकारला नाही, नुसता पाहिला, आणि पुनमच्या खांद्यावर भार टाकून पायरी उतरल्या. पुढच्या जागेवर अभिमन, मागे पुनम आणि सारिका, मधे काकू.

"मी येतो," शालिग्राम म्हणाले.

"जागा नही, नाना," अभिमन म्हणाला, आणि दार लावून घेतले.

ते एरंडोलच्या फाट्याकडे पायी निघाले. तिथून जळगावची एस.टी. मिळणार होती.