शोभेची बंदूक

यूनुस परकारचा हात तोंडाच्या आधी चालायचा. दाभोळच्या खाडीकाठी राहत असताना त्याने सख्ख्या मेव्हण्याचे दोन दात पाडले होते, तेही भरल्या ताटावर. मस्कतला आल्यावर हमरियाच्या गल्लीत गाडी लावण्यावरून एका टॅक्सीवाल्याला त्याने आरशासकट आडवा केला. "अवो, त्या हाताला जरा लगाम घाला," असं सांगून सांगून बायको सफिया थकली. पण गंमत अशी, की या तापट माणसाच्या हाताला यश होतं ते नाजूक कामात. गावाकडे रानडुकरांसाठी ठेवलेल्या ठासणीच्या बंदुका दुरुस्त करायला बापाने शिकवलं होतं. त्याच विद्येवर तो हमरियात महमूदच्या दुकानात जुन्या ओमानी बंदुका आणि खंजीर नीट करत बसायचा. महमूद त्याचा अर्बाब, म्हणजे मालक. व्हिसा त्याचा, दुकान त्याचं, दुकानावरची खोलीही त्याचीच.

वादी अदाईला महमूदच्या घरी, बैठकीत त्याच्या वडिलांची लांब नळीची बंदूक भिंतीवर असायची. म्हातारा गेला तेव्हा यूनुसनेच तिच्या नळीत आडवा पोलादी खिळा ठोकून तिला कायमची मुकी केली होती.

मग २०१३ मध्ये सरकारी खात्याचं परिपत्रक आलं. भिंतीवरची असो की कपाटातली, चालणारी असो की बंद पडलेली, प्रत्येक बंदूक हे हत्यारच. ती जमा करा, आणि असल्या बंदुका दुरुस्त करणारी दुकानं बंद करा. महमूद भडकला आणि यूनुसची पाचावर धारण बसली. दुकान गेलं की व्हिसा जाणार, आणि व्हिसा गेला की बाडबिस्तरा घेऊन त्याच मेव्हण्याच्या दारात उभं राहायचं.

महमूद कोर्टात गेला. त्याच्या वकिलाने एकच मुद्दा धरून ठेवला. ज्यातून बार निघतो ते हत्यार, असं कायदा म्हणतो. खात्याने कायदा राबवावा, तो मनाला येईल तसा ताणायचा अधिकार खात्याला दिला कुणी? न्यायाधीशांनी यूनुसला उभं केलं. कुराणाची शपथ घेऊन त्याने सांगितलं, "ही मेलेली आहे, साहेब. नुसती शोभेची. मीच मारलीय." त्यात एक शब्द खोटा नव्हता. वर्षभराने निकाल लागला. खात्याने अधिकाराबाहेर पाऊल टाकलं होतं, परिपत्रक रद्द झालं. गंगेत घोडं न्हालं म्हणायचं आणि पेढे वाटायचे, एवढंच बाकी होतं.

पण जिंकलेल्या माणसाला पेढे पुरत नाहीत. निकालाच्या आनंदात ठेवलेल्या मेजवानीच्या आदल्या दिवशी महमूद ती बंदूक घेऊन दुकानात आला आणि टेबलावर आडवी टाकून म्हणाला, "यूनुस, खोल दो इसको. एक दिन के लिए. कल बाप की बंदूक से बार निकलेगा."

"अर्बाब, मैंने कसम खाया है. ये मर गई, खलास."

"तुम मेरा आदमी है या उनका?"

"आदमी आपका हूँ. पर नळी फटेगी."

महमूदने त्याच्या कानाखाली जाळ काढला. गल्लीतल्या चारचौघांदेखत काढला. यूनुसच्या मुठीत हातोडा होता. तो खांद्यापर्यंत वर गेला आणि महमूदच्या टाळक्यापाशी थांबला. महमूद हसला. "मारो. मारो, फिर व्हिसा कैंसल, कल की फ्लाइट. यल्ला, चलो."

जन्मात पहिल्यांदा यूनुसने हात खाली घेतला. मग ड्रिल लावून खिळा काढला. भोक बुजवून घासताना नळीवरची केसाएवढी चीर बोटाला जाणवली. "दारू आधा ही डालना," तो पुन्हा पुन्हा म्हणाला, "आधा से भी कम." महमूदने मान हलवली. ऐकलं किती, ते अल्ला जाणे.

दुसऱ्या दिवशी दुपारी महमूदच्या अंगणात ढोल घुमत होता. पुरुष तलवारी उडवून झेलत होते. महमूदचा धाकटा भाऊ अमीन त्याच्या शेजारीच नाचत होता, घामाने भिजलेला, खुशीत. महमूदने नळीत दारू ओतली, पुन्हा ओतली, वर चिंध्या ठासल्या. "खात्याच्या ऑफिसात खिडक्या हलल्या पाहिजेत!" असं तो अरबीत ओरडला आणि सगळे हसले. यूनुस धावला, पण मध्ये माणसं होती.

बार झाला. नळी शेंगेसारखी उकलली. महमूदचा अंगठा आणि दोन बोटं उडाली. लोखंडाची एक पट्टी अमीनच्या गळ्यात शिरली. त्याने तलवार नीट खाली ठेवली, गुडघ्यावर बसला, आणि दोन्ही हातांनी गळा धरूनही रक्त बोटांमधून धो धो वाहत राहिलं. ढोलवाल्याच्या पांढऱ्या कपड्यावर ते उडालं. यूनुसने पोहोचून डोकं मांडीवर घेतलं तोवर अमीनचे डोळे थिजले होते.

मग महमूद यूनुसवर तुटून पडला. उरल्या हाताने बंदुकीचा तुटका दस्ता उचलून त्याने तो यूनुसच्या तोंडावर घातला, बरगड्यांवर घातला. इतरांनी लाथा घातल्या. दात पडले, बरगड्या मोडल्या. यूनुसने हात उचलला नाही. अमीनचं डोकं मांडीवरून खाली पडू नये, एवढंच तो बघत होता. पोलिसांनी त्याला तसाच उचलला.

पुन्हा कोर्ट, पुन्हा तीच बंदूक, आता फाटलेली. बँडेजमधला हात छातीशी धरून महमूदने सांगितलं, "मी उघडायला सांगितलं नव्हतं. माझ्या लेखी ती शोभेचीच होती. कोर्टानेही तसंच मानलं होतं." गल्लीतल्या चारचौघांपैकी कुणाला काही आठवेना. त्यांचेही व्हिसे कुणा ना कुणा अर्बाबचेच होते. यूनुस म्हणाला, "मेलेलीच होती, साहेब. मी जिवंत केली. त्याने सांगितलं म्हणून आणि मी भ्यालो म्हणून." त्याला शिक्षा झाली. पुढे कायदाच बदलला आणि भिंतीवरच्या बंदुकाही गेल्या.

तुरुंगात भेटायला आलेल्या सफियाला राहवलं नाही. "जन्मभर सगल्यांना मारलंत. त्या दिशी हातोडा हातात व्हता, त्याच्या टाळक्यात का नाय घातलात?"

यूनुस पडक्या दातांतून म्हणाला, "त्याच्या नाय गो. बंदूक समोर टेबलावर व्हती. एक घाव तिच्या नळीवर घातला असता, तर आपण गावाला गेलो असतो आन् अमीन आज जित्ता असता. मला माणसंच मारायची सवय. ते सुचलंच नाय."