ऑपरेटरचे धोंडे

उदगीरच्या शिवलिंगअप्पांनी डाळ मिलमध्ये सॉर्टेक्स मशीन आणली, तिच्यापुढं नारळ फोडला, गावभर पेढे वाटले. मग ध्यानात आलं, ही चालवायची कुणी? मशीन अशी, की दाणा न् दाणा कॅमेऱ्यातून बघती अन् काळा दिसला की वाऱ्याची फुंकर मारून बाहेर उडवती. एकाचं बघून दुसऱ्यानं, असं करत सगळ्याच मिलवाल्यांनी मशिनी घेतल्या. चालवणारा गडी मात्र आसपास एकच, जळकोटचा मल्लिनाथ. गुजरातेत असल्याच एका कारखान्यात राहून आलेला. अप्पांनी त्यालाच गाठून कामावर ठेवलं.

मग त्याची मिजास काय सांगावी! चहा गार आला की मल्लिनाथाचं डोकं दुखायचं, अन् त्याचं डोकं दुखलं की मिल बंद. मशीन लावताना सगळ्यांना बाहेर हाकलायचा, पडद्यावर टॉवेल टाकायचा.

"नजर लागती तिला," म्हणायचा. खरी धास्ती वेगळीच. दुसऱ्या कुणाला जमलं तर आपल्याला कोण इचारतंय?

त्यात धोंड्याचा महिना लागला. घरोघर जावयांना बोलावणी. समोरचा मिलवाला मल्लिनाथाला जेवायला नेणार, अशी कुणकुण लागली, तसं अप्पांनी आधीच त्याला घरी नेऊन पाटावर बसवलं. पाय धुतले. पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार. शेवटी तांब्याच्या ताटात दिवा ठेवून वाण बी दिलं.

"अप्पा, ह्ये तर जावयाला देत्यात की," मल्लिनाथ लाजला.

"मग तू काय जावयापेक्षा कमी हायस व्हय?"

अप्पा बोलून गेले अन् फसले. दुसऱ्या दिवशी मल्लिनाथाची आई अन् मामा साडी-नारळ घेऊन अप्पांच्या घरी हजर.

"लगीन काय या महिन्यात व्हत न्हाई," आई म्हणाली, "पन पुढली तारीख धरून ठिवा."

अप्पांच्या तोंडचं पाणी पळालं. न्हाई म्हणावं तर ऑपरेटर जातो, हाव म्हणावं तर पोरगी. पोरगी म्हणजे मंजुश्री, बी.एस्सी. करून नुकतीच घरी आलेली. तिनंच चहा आणला अन् उभ्याउभ्या सांगून टाकलं, "मावशी, मला लगीन न्हाई करायचं. मला ती मशीन शिकायचीय."

"लाजली!" मामा मांडीवर थाप मारून हसला. मल्लिनाथाला तर शंकाच उरली नाही. लाजल्यावर पोरी असंच म्हणत्यात.

त्याच दिवशी पडद्यावरचा टॉवेल निघाला. काच कशी पुसायची, हवेचा दाब कुठं ठेवायचा, काळ्याबरोबर चांगली डाळ उडू नये म्हणून काय करायचं, सगळं त्यानं हौसेनं दाखवलं. वर चहा स्वतः आणून दिला.

"मल्लिनाथ, लगीन न्हाई हं," ती रोज आठवण द्यायची.

"हाव हाव," हा गालात हसायचा.

महिना सरला. मामानं तारखेसाठी फोन केला, तवा मंजुश्री म्हणाली, "अहो, किती बार सांगू?"

मल्लिनाथ रुसला. अगदी जावयासारखा रुसला. बॅग भरून जळकोटला गेला अन् इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर बसला. अप्पांची जीप येणार, हातापाया पडणार, मग आपण थोडे आढेवेढे घेणार. जीप काही येईना. आई रोज दोन माणसांचा जादा स्वयंपाक करून बेजार झाली. मल्लिनाथाला वाटलं, आता उदगीरात सगळी डाळ काळी झाली असंल.

एकदाचा फोन वाजला. समोरचा मिलवाला होता.

"मल्लिनाथ, बरा हायस का? मंजुश्रीताईचा नंबर हाय का रे तुझ्याकडं?"

त्या दिवशी तो जेवला नाही. मग दुसरा फोन आला, खुद्द मंजुश्रीचा.

"दुसरी मशीन येऊन पडलीय. मला एकटीला दोन झेपत न्हाईत. चार गडी शिकवून तयार करायचेत. येता का?"

मल्लिनाथानं घसा साफ केला. आवाजात जमंल तेवढा रुसवा आणला.

"अप्पा न्यायला येनार का?"

"एस.टी. येती की."

"अन् जेवायचं?"

"धोंड्याचा महिना आता तीन वर्षांनी," मंजुश्री म्हणाली. "तवर डबा आना."

मल्लिनाथानं आईला हाक मारली, "आये, डबा कुठं हाय गं?"