नाकतोड्याच्या डोळ्यातल्या रेघा

आमचे मालक म्हातारपणी किड्यांचे फोटो काढायच्या नादाला लागले. आमच्या निर्णा गावच्या शिवारात तुरीच्या ओळीत पोटावर पडून असायचे. बांधावरून जाणारे विचारायचे, "अप्पा, काय हारवलंय?"

"तुझी अक्कल," हे म्हणायचे.

त्यांना नाकतोड्याच्या डोळ्यातल्या उभ्या रेघा फोटोत हव्या होत्या. कधी आल्या नाहीत. ऊन पाठीवर घेऊन बसायचे, मग सावली किड्यावर पडायची. तो उडायचा आणि फोटोत उरायची डोक्याला रुमाल बांधलेली सावली. तसल्या फोटोंनी फोन भरलाय. मागच्या हिवाळ्यात त्याच ओळीत ते पालथे पडले, ते उठले नाहीत. रोजच्यासारखे पडलेत असं समजून लोक बाजूनं निघून गेले.

राहिलेलं काम मी घेतलं. चार यत्ता शिकलेय, फोनला तेवढं पुरतं. हुमनाबादची लेक सांगत गेली. सकाळी लवकर जा, गारठ्यात किडा हलत नाही. ऊन पाठीवर नको, बाजूनं घे. कोपरं जमिनीला टेक, फोनच्या काचेवर त्याच्या डोळ्यावर बोट दाब, श्वास धर. ऊन कडक असलं तर मध्ये पांढरं कापड धर. मी मालकांचं धोतर फाडलं.

श्वास धरला की शेत गप्प व्हायचं. तेव्हा मागं कुणीतरी पोटावर सरकायचं. पाला वाजायचा. मी बघायचे नाही. मान वळवली तर हात हलतो.

एक दिवस नाकतोडा दवानं भिजून पानाला चिकटलेला सापडला. बटण दाबलं तर फोनात जागाच नाही. लेकीला तिथूनच फोन लावला.

"आई, अप्पाच्या सावल्या कामून ठिवल्यास? पुस की."

"तुझा बाप हाय त्यो."

"बाप न्हाई, खराब फोटो हाय. एक तरी पुस. नाकतोडा थांबणाराय व्हय तुझ्यासाठी?"

एक पुसला, परत बटण दाबलं. डोळा आला, रेघा मोजाव्यात इतका साफ. लेक म्हणाली, अप्पाला असं जमलं नव्हतं. खरं आहे. फोटोत सगळीकडं सारखा उजेड आहे आणि कुणीच नाही. पुसलेल्या सावलीत रुमालाचं टोक कुठल्या बाजूला होतं, ते मला आठवत नाही.

त्या दिवसापासून मागं पाला वाजला नाही.

आता धोतराचा तुकडा डोक्याला गुंडाळते आणि ऊन पाठीवर घेऊन बसते. सावली पानावर पडते. नाकतोडा उडतो. उडू दे.