तानाआत्याचा पितळी पेला

आमची तानाआत्या देवापेक्षा सोवळ्याला जास्त भ्यायची. देव निदान माफ तरी करतो, असं तिचं म्हणणं. महाराजांच्या राज्यात कळंब्याच्या वाटेवर दरबारची एक पाणपोई होती, ती आत्या चालवायची. नवऱ्यामागं तिचं पोट त्यावरच होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती पितळी पेल्यातून पाणी द्यायची. दोर वळणाऱ्या पिराजीला मात्र पेला नाही, कारण तो अस्पृश्य. त्यानं ओंजळ धरायची आणि आत्यानं हात उंच करून तांब्यातनं धार सोडायची.

मग हुकूम निघाला, की सार्वजनिक जागी शिवाशीव पाळायची नाही. अंमलदार स्वतः सांगायला आला.

"म्हंजे म्या माझा धरम सोडू व्हय?" आत्या कडाडली.

"धर्म तुमचा, बाई. पाणपोई सगळ्यांची. भेद दिसला तर दुसरी बाई नेमावी लागेल."

आत्यानं डोकं चालवलं आणि पेलाच फडताळात कोंडला. आता सरसकट सगळ्यांना ओंजळ! भेदही नाही, विटाळही नाही. आपल्या हुशारीवर बाई अशी खूश, की अंमलदारालाही तिनं उंचावरूनच पाजलं.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात गणपतराव पाटील आले, अंगात नवा कोट. ओंजळ धरायची सवय नाही, त्यामुळे निम्मं पाणी मिशांत आणि निम्मं बाहीत. पाटील जे ओरडले, ते आख्ख्या रस्त्यानं ऐकलं.

मागं उभा पिराजी हसून म्हणाला, "पाटील, वाकून कोपरं वर धरा की. सवयीनं जमतंय."

आत्याही खदखदून हसली. मग तिचं लक्ष पिराजीच्या बंडीकडं गेलं. ती रोजच भिजायची. आजवर कुणी ओरडलं नव्हतं, पिराजीसुद्धा नाही. आत्याला स्वतःची लाज वाटली, अगदी भरपूर.

तिनं फडताळ उघडलं, पेला भरला आणि पिराजीच्या हातात दिला. तो घ्यायलाच तयार होईना.

"धर की लेका! घरी जाऊन म्या डोक्यावरनं आंघुळ करीन. त्ये माझं आन् माझ्या देवाचं. तुला त्याचं काय?"

पिराजी प्यायला. आत्यानं पेला विसळून पुन्हा भरला आणि पाटलांपुढं केला.

"ह्यो बाटला," पाटील मागं सरकले. "मला ओंजळीतच द्या."

"तुमची मर्जी," म्हणत आत्यानं तांब्या उचलला आणि पाटलांचा कोट पुन्हा भिजवला.