थंडं म्हणून दिलेली बाटली

सकाळचे सात वाजले नाहीत तोच ऊन पाठीवर चढलं होतं. मे महिना, वाऱ्याचा पत्ता नाही. हिंगणा रोडवरच्या लॉनमध्ये रातच्या रिसेप्शनचा पसारा प्रेमिला मेश्राम एकटीच आवरत होती. जोडीची बाई आली नव्हती. तेरा वर्षं हेच काम. कंबर एकदा वाकली की आता लवकर सरळ होत नाही.

बर्फाच्या टपात दोन सीलबंद बाटल्या उरल्या होत्या. गुलाबी, वर स्ट्रॉबेरीचं चित्र. उरलेलं थंडं, म्हणजे कोल्ड्रिंक, घरी न्यायला मॅनेजरची ना नसे. संत्र्याचं चित्र असतं तर तिनं हातही लावला नसता. देशी दारूला इकडे सगळे संत्राच म्हणतात, आणि त्या संत्र्यानं तिच्या संसाराची वीस वर्षं खाल्ली होती. नवऱ्यानं, देवाजीनं, विहारात पंचशील घेऊन ती सोडली, त्याला अकरा महिने झाले होते.

दुपार कलल्यावर देवाजी बुटीबोरीच्या कारखान्यातून पाळी करून आला, घामानं निथळत. तिनं एक बाटली गिलासात ओतली. "घ्या, थंडं."

एक घोट घेऊन तो थांबला. तिच्याकडे पाहिलं. मग हळूहळू सगळी बाटली संपवली.

संध्याकाळी त्यांची मुलगी भावना कॉलेजातून आली. तिनं रिकाम्या बाटलीवरचं लेबल वाचलं. "आई, हे काय पाजलं वं बाबाले? दारू हाये यात!"

"काहीबाही नोको बोलू. लग्नात पोरीबाळी पेतात हे."

"तेच तं. चव थंड्याची, काम दारूचं."

प्रेमिला नवऱ्याकडे वळली. "तुमाले समजलं नाही?"

"पयल्याच घोटात समजलं."

"मंग काहून पेले?"

"तू एवढ्या हौसेनं आनली. तुले वाईट वाटन म्हून."

"म्हून अख्खी बाटली? मोठे आले माह्या मनाची काळजी करनारे!"

भावनाला हसू फुटलं. देवाजी हसला नाही. मान खाली घालून म्हणाला, "खोटं बोललो. गोड लागली. दुसरी असन का घरात, तेच पाहून राहिलो मघापासून."

ओरडायचंही प्रेमिलाच्या जिवावर आलं. माठामागची दुसरी बाटली काढून तिनं त्याच्यापुढे धरली. "तुमीच ओता मोरीत."

"माह्यानं नाही होत वं."

तिनंच ती मोरीत ओतली. तो भिंतीकडे तोंड करून बसला होता.

"उद्या विहारात जातो. पुन्हा पंचशील घेतो. तू येजो संगं."

"उद्या लग्न हाये लॉनवर."

"मंग परवा. एकट्यानं नाही होत मले."

"परवा येते," ती म्हणाली. बाहेर नळ आला होता. तिनं पाइप ओढला आणि ड्रममध्ये सोडला.