भावाच्या कार्डावर मायचं नाव

सौंसरच्या घरात आम्ही दोघीच होतो, माय आणि मी. मी घरी शिलाई करायचे. भाऊ नागपूरच्या एका सूतगिरणीत लागला होता, बायको-पोरांसह तिकडेच राहायचा. मायनं उमेदीची वर्षं पांढुर्ण्याच्या जिनिंग कारखान्यात कापूस निवडण्यात घालवली. साठीला टेकली आणि तिला धाप लागायला लागली. चालता चालता ती भिंतीला हात टेकून उभी राहायची. मी बघतेय असं दिसलं की पदर सारखा करायची.

दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "कापसाच्या धुळीनं छाती धरली आहे. नागपूरला दाखवा. औषध कायमचं लागेल."

इतकी वर्षं कारखान्यात राबलेल्या बाईला कामगार विमा असेलच, असं मला वाटलं. तिला घेऊन मी नागपूरच्या विमा दवाखान्यात गेले. तिथल्या म्हाताऱ्या बाबूंनी चष्मा काढून मला नीट समजावलं.

"जिनिंग हंगामी काम आहे, बाई. त्याला हा विमा नाही. गरिबीचा दाखला काढाल तर तो तुमच्या मध्य प्रदेशातल्या इस्पितळात चालेल. मुलगा गिरणीत आहे म्हणता ना, मग इथं उपचार पाहिजे असतील तर त्याच्या विमा कार्डावर आईचं नाव चढवा. पण ती त्याच्यावर अवलंबून असली पाहिजे, त्याच्या घरी राहत असली पाहिजे."

परतीच्या बसमध्ये माय म्हणाली, "मले नको धाडू वं तिकडे. नुसतं नाव लिहून नाही चालत का?"

"खोटं कसं लिहायचं, माय?"

"तू एकटी राहशीन?"

"राहीन."

"वेळेवर जेवशीन?"

मी हो म्हटलं. पुढच्या महिन्यात भाऊ येऊन तिला घेऊन गेला.

त्यानंतर मला घरात शिलाई मशीनचा आवाज मोठा वाटू लागला. सवयीनं दोघींचा भात टाकायचे आणि दुसऱ्या दिवशी शिळा खायचे. सणासुदीला नागपूरला जायचे. औषधानं मायचा चेहरा उजळला होता, भावाच्या चाळीचा जिना ती न थांबता चढायची. मला आनंद व्हायचा, पण भावजय तिची वेणी घालत असली की मी उठून बाहेर जायचे. निघताना माय बस स्टँडपर्यंत यायची. खिडकीशी उभी राहून विचारायची, "आपल्या गल्लीत आता कोण कोण बसते संध्याकाळी?" मी नावं सांगायचे. कोणी वारलं असलं तर ते नाव गाळायचे.

चार वर्षं अशी गेली. मग गिरणी बंद पडली. काही महिन्यांनी कार्डही बंद झालं. भाऊ हातगाडीवर भाजी विकायला लागला आणि मायला सौंसरला सोडून गेला. दारात तिची पिशवी दिसली तेव्हा मला इतका आनंद झाला की त्याला पाणी द्यायचंही सुचलं नाही. तो खाटेवर बसून जमिनीकडे बघत होता. त्याच्याकडे लक्ष गेलं आणि मी शरमले.

गरिबीच्या दाखल्यासाठी मी तहसीलला चकरा मारल्या. तो मिळाल्यावर दर महिन्याला आम्ही पहाटेच्या बसनं छिंदवाड्याच्या इस्पितळात जायचो. माय माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपायची. तिची छाती पुन्हा घरघरत होती.

एकदा मी तिला विचारलंच, "नागपूरले बरं वाटत होतं ना तुले?"

"श्वास बरा होता," ती म्हणाली. "जीव नाही लागला माहा."

दुसऱ्या हिवाळ्यात ती गेली, सकाळी, अंगणात उन्हाला बसलेली असताना. मी आत ब्लाउजला काज करत होते. भाऊ दुपारपर्यंत पोहोचला. नागपूरचं औषध चालू राहिलं असतं तर माय अजून जगली असती, हे तो बोलला नाही, मीही बोलले नाही.

आता माझंही वय तेवढं झालंय. छिंदवाड्याच्या बसमध्ये कधी शेजारी कोणी म्हातारी बाई माझ्या खांद्यावर पेंगायला लागली, तर मी अंग न हलवता तशीच बसून राहते.